दूध, गूळ आणि थिनर

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तो ज्ञान चार भिंतींच्या बाहेर यावे म्हणून. त्या वाटेने पुढे गावोगाव व्याख्यानमाला सुरू झाल्या, आणि त्यांच्या व्यासपीठांवरून शिवकाल, संतवाङ्मय, राज्यघटना अशा विषयांवर विद्वानांची व्याख्याने झाली. आमचे शाळेतील शिक्षण नववीपर्यंतचे. बाकीचे जे काही शिकलो ते कारखान्याच्या गेटवर आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आम्ही 'थिनरचा इतिहास' असा विषय कळविल्यावर संयोजकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली, ह्यात नवल नाही. थिनर म्हणजे रंग पातळ करण्याचे पाणी. त्याला कसला आला आहे इतिहास? परंतु एका बाईने आम्हांला एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही ह्या इतिहासात येऊन पडलो. म्हणून प्रथम तो प्रश्न सांगतो.

१९९६ च्या उन्हाळ्यातील गोष्ट. सांगलीच्या बाजूला एका कारखान्यात लोखंडी टाकीला आतून रंग देण्याचे काम चालले होते. टाकीला वरच्या बाजूस माणूस जेमतेम उतरेल एवढे एकच तोंड. आत पेंटर, वर हेल्पर. पेंटरला सगळे मामा म्हणत. दुपारी तीनच्या सुमारास हेल्परने हाक मारली, "मामा, वर या, चहा आलाय." उत्तर नाही. त्याने वाकून पाहिले, तर मामा टाकीच्या तळाशी आडवे. पोरगा तसाच आत उतरला आणि दोन मिनिटांत तोही त्यांच्या शेजारी पडला. आम्ही धावत गेलो, कॉम्प्रेसरची नळी आत सोडून हवा मारली, एकाच्या कमरेला दोर बांधून त्याला खाली उतरवले आणि दोघांना वर काढले. तो दोरवाला आमचा गडी वाचला हे त्याचे नशीब. आमची अक्कल नव्हे. पोरगा रात्रीपर्यंत शुद्धीवर आला. मामाही वाचले, पण त्यांच्या हाताचे कापरे पुढे गेले नाही, आणि ब्रश त्यांनी पुन्हा धरला नाही.

आठवड्याने आम्ही त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिले आणि शांतपणे विचारले, "भाऊ, युनियननं दूध सुरू केलंय म्हणून हे घरी येऊन सांगायचे. रोज दूध-गूळ घेत होते. मग असं कसं झालं?"

श्रोतेहो, ते दूध आम्हीच मिळवून दिले होते. रंगखात्यातील प्रत्येक कामगाराला पाव लिटर दूध आणि गुळाचा खडा, ही आमच्या युनियनची पहिली जिंकलेली मागणी. तिच्यासाठी तीन महिने गेटसभा घेतल्या होत्या. त्या दिवशीही मामांनी दोन वाजता दूध घेतले होते. वहिनींच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर शोधायला आम्ही वाचनालयात गेलो. सातारा जिल्ह्याचे भाग्य असे की मराठी विश्वकोशाचे काम आपल्या वाईत, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या देखरेखीखाली उभे राहिले. रसायनशास्त्राचा गंध नसलेल्या आमच्यासारख्या माणसाला डांबर, ऊर्ध्वपातन, विद्रावक हे शब्द त्या जाडजूड खंडांनी शिकविले. पेंटरच्या भाषेतील थिनर हे एकच द्रव्य नसून अनेक द्रव्यांचे मिश्रण असते; आणि ड्यूकोच्या थिनरमध्ये बहुधा मोठा वाटा टोल्युइनचा असतो, हे तेथून पुढे वाचत गेल्यावर समजले. टोल्युइन म्हणजे पाण्यासारखे स्वच्छ, गोडसर उग्र वासाचे, तेल-राळ-रबर विरघळविणारे द्रव. सात कार्बन आणि आठ हायड्रोजन, एवढाच त्याचा संसार.

त्याचे नाव मात्र फार लांबून आले आहे. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देशाच्या किनाऱ्यावर तोलू नावाचे गाव आहे. तेथून एका झाडाचा सुवासिक चीक युरोपात जाई आणि खोकल्याच्या औषधात पडे. १८४१ साली देव्हिल ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने हा चीक ऊर्ध्वपातन करून त्यातून हे द्रव काढले. त्याआधी १८३७ साली पेल्तिये आणि वाल्तेर ह्यांनी ते झाडाच्या राळेपासून मिळविले होते. परंतु नाव चिकटले ते तोलूचे. त्याचे थोरले भावंड बेंझीन. ते फॅरडेने १८२५ सालीच दिव्याच्या गॅसच्या गाळातून वेगळे केले होते.

झाडाच्या चिकातून निघणारे द्रव कारखान्याला पुरेल कसे? ते पुरविले दगडी कोळशाच्या डांबराने. गॅसच्या कारखान्यांत डांबर म्हणजे टाकाऊ घाण. चार्ल्स मॅन्सफील्ड ह्या तरुण इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८४८ च्या सुमारास ह्या घाणीतून बेंझीन आणि टोल्युइन वेगवेगळे काढण्याची रीत बसविली. हा मॅन्सफील्ड आम्हांला जवळचा वाटतो, कारण लंडनच्या गरीब कारागिरांच्या सहकारी चळवळीत तो मनापासून पडला होता. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी माल तयार करीत असता त्याची भट्टी उतू गेली आणि पेटली. घर वाचावे म्हणून ते पेटते भांडे त्याने बाहेर काढण्याचा प्रयत्न केला, भाजला, आणि काही दिवसांनी वारला. वय अवघे पस्तीस. ह्या द्रव्याची वाफ किती चटकन पेट घेते, ह्याचा दाखला त्याच्या जनकानेच स्वतःचा प्राण देऊन ठेवला आहे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडलच्या माळावर कारखाना उभारला आणि लोखंडी नांगर केले. त्या काळी लोखंडाला आणि लाकडाला लावायचा रंग म्हणजे तेलरंग: जवसाचे तेल, रंगाची पूड आणि पातळ करायला टर्पेंटाइन. तो वाळायला दिवसच्या दिवस लागत. मोटारीच्या कारखान्यांतही गाडीचा रंग पुरा वाळेपर्यंत काही आठवडे गाड्या अडकून पडत. १९२३ साली अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीने 'ड्यूको' नावाचा नवा रंग बाजारात आणला. तो काही तासांत वाळे, कारण त्यातील द्रावक भराभर उडून जाई. पुढे हे नाव रंगापेक्षा मोठे झाले. कराड, सातारा, मिरज, सांगली, कोठल्याही रस्त्याकडेच्या गॅरेजात आजही 'गाडीला ड्यूको मारणे' हाच शब्द आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर साताऱ्याला, मिरजेला, कुपवाडला वसाहती झाल्या, आणि जेथे पत्रा आला तेथे स्प्रे गन आणि थिनरचा डबा आला.

येथे एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. रंग लवकर वाळतो म्हणजे काय होते? द्रावक पत्र्यावरून उडून हवेत जाते. मालकाचा वेळ वाचला, तो द्रावक हवेत गेल्यामुळे. आणि ती हवा पेंटरच्या छातीत गेली. ड्यूकोचा सगळा फायदा आणि सगळा तोटा ह्या एका क्रियेत आहे.

दुधाची गोष्ट आम्हांला भेटली ती मात्र युद्धाच्या इतिहासात. टोल्युइनवर नायट्रिक आम्लाची क्रिया केली की टीएनटी हे स्फोटक होते, आणि पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांत ते अपरंपार भरले गेले. आपल्या सातारा तालुक्यातील अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ जवान गमावले. त्या गावाला आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात. गोळ्यांचा मारा ज्यांनी सोसला त्यांची स्मारके झाली. गोळे भरणाऱ्या हजारो इंग्रज मजूर बायकांची आठवण थोड्यांनाच आहे. टीएनटीच्या संपर्काने त्यांची कातडी आणि केस पिवळे पडत, म्हणून लोक त्यांना पिवळ्या कॅनरी पक्ष्यांचे नाव देत. सुमारे चारशे जणांना विषारी कावीळ झाली आणि त्यांतील शंभराच्या आसपास दगावल्या. ह्या बायकांना प्यायला दूध मिळे. ही ओळ वाचली तेव्हा पुस्तक मिटून आम्ही बराच वेळ बसून राहिलो. साता समुद्रांपलीकडे, आमच्या ऐंशी वर्षे आधी, तेच दूध! टीएनटी आणि टोल्युइन ही द्रव्ये वेगळी, त्यांचे विकारही वेगळे. परंतु विषाच्या मोबदल्यात पेलाभर दूध हा व्यवहार एकच.

आता बेंझीनचे काय झाले ते पाहू, कारण टोल्युइनचा आजचा मान त्या कथेतून आला आहे. बेंझीन स्वस्त आणि उत्तम द्रावक. रबर विरघळवायला, चामडे चिकटवायला, छपाईच्या शाईत ते सर्रास वापरले जाई. १८९७ साली स्वीडनमध्ये सायकलच्या टायरांच्या कारखान्यातील तरुण मजूर स्त्रिया रक्तस्रावाने मेल्याची नोंद सँटेसन ह्या वैद्याने केली. बेंझीन हाडांतील मगजावर, जेथे रक्त तयार होते तेथेच, घाव घालते. १९२२ साली डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन ह्या अमेरिकन विदुषीने उद्योगधंद्यांतील बेंझीनचा धोका वाढत चालल्याचा इशारा दिला. तरीही १९५५ नंतर इस्तंबूलच्या जोडे बनविणाऱ्यांत बेंझीनचे सोल्यूशन नव्याने शिरले. आणि १९७४ साली डॉ. मुझफ्फर अक्सोय ह्यांनी तेथील चर्मकारांत रक्ताच्या कर्करोगाचे २६ रुग्ण दाखवून दिले. पहिल्या नोंदीपासून सत्याहत्तर वर्षे! धोका अज्ञात होता म्हणून ही माणसे मेली, असे म्हणता येत नाही. धोका छापलेला होता. फक्त तो कामगाराच्या भाषेत आणि कामगाराच्या डब्यावर छापलेला नव्हता.

१९७१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने बेंझीनसंबंधी करार संमत केला. द्रावक म्हणून बेंझीनचा उघड्यावर वापर करू नये. एक टक्क्याहून अधिक बेंझीन असलेला मालही त्याच नियमात यावा. डब्यावर 'बेंझीन' हा शब्द आणि धोक्याचे चिन्ह ठळक दिसावे, असे त्यात ठरले. भारताने ह्या कराराला १९९१ साली मान्यता दिली. बेंझीनची जागा बऱ्याच ठिकाणी टोल्युइनने आणि झायलीनने घेतली. हा बदल खरोखर चांगला. टोल्युइनच्या अंगाला कार्बनचे एक शेपूट जोडलेले असते. आपले शरीर ते शेपूट धरून त्याचे आम्ल करते आणि लघवीवाटे बाहेर टाकते. बेंझीनला असे शेपूट नाही. शरीर त्याच्या कड्यालाच हात घालते आणि त्यातून घातक द्रव्ये होतात. म्हणून टोल्युइनला बेंझीनसारखे रक्ताचे विष म्हणत नाहीत. परंतु हलक्या प्रतीच्या मालात टोल्युइनबरोबर बेंझीनही आलेले असू शकते. पेट्रोलमध्येही ते थोडे असतेच. म्हणून पेट्रोलने हात धुणाऱ्या मेकॅनिकने हे वाक्य दोनदा ऐकावे.

पण कमी विषारी म्हणजे निर्विष नव्हे. टोल्युइन मेंदूवर दारूसारखे चढते: आधी डोके जड, मग चक्कर, तोल जाणे, आणि कोंडलेल्या जागी बेशुद्धी. वर्षानुवर्षे हुंगले तर स्मरण, ऐकण्याची शक्ती आणि रंगांची पारख ह्यांवर परिणाम होतो. गरोदर स्त्रीच्या पोटातील गर्भालाही ते बाधते. आणि नाक हा तर मोठा लबाड राखणदार. थोडी वाफ असली तरी वास प्रथम जाणवतो, पण थोड्याच वेळात नाक त्याला सरावते. "आता वास येत नाही," असे पेंटर म्हणतो तेव्हा वास गेलेला नसतो, नाक थकलेले असते.

मामांच्या टाकीत काय घडले, हे आता सांगता येईल. टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड. ती वर जात नाही, तळाशी साचते. विहिरीत पाणी साचावे तशी. एक लिटर टोल्युइन उडाले की सुमारे २३० लिटर वाफ होते. १९८७ च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यात आठ तासांच्या पाळीसाठी जी मर्यादा घातली ती हवेच्या दहा लाख भागांत टोल्युइनचे १०० भाग. पुढे अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या शिफारशीत हा आकडा २० वर आणला. आता हिशेब करा. शंभराच्या मर्यादेत राहायचे तर त्या एका लिटरसाठी २३०० घनमीटर हवा हवी. म्हणजे दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा सात-आठ खोल्यांची हवा. मामा एका बंद टाकीत होते. पाव लिटर दूध ह्या हिशेबात कोठे बसते? दूध पोटात जाते, वाफ फुप्फुसात जाते आणि तेथून थेट रक्तात. दोघांची वाटेत गाठच पडत नाही. वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर हे इतके सोपे होते, आणि ते मिळवायला आम्हांला दोन वर्षे लागली.

मग करावे काय? आम्ही शिकलो त्या क्रमाने सांगतो. पहिली गोष्ट, पाण्यात मिसळणाऱ्या रंगाने किंवा कमी घातक द्रावकाने काम भागते का, ते पाहावे. भागत नसेल तर वाफ जन्मते तेथेच तिला ओढून बाहेर टाकणारा पंखा हवा, आणि त्याचे तोंड खाली, जमिनीजवळ. माथ्यावर फिरणारा पंखा वाफ फक्त ढवळतो. मुखपट्टी ही शेवटची पायरी. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क वाफ अडवीत नाही. त्यासाठी कोळशाच्या डबीचा मास्क लागतो आणि ती डबी वेळच्या वेळी बदलावी लागते. बंद टाकीत मात्र हा मास्कही चालत नाही; तेथे बाहेरून नळीने शुद्ध हवा द्यावी लागते.

आगीचे भान वेगळे. सुमारे चार अंश उष्णतेपासूनच टोल्युइनची वाफ ठिणगीने पेटू शकते. म्हणजे साताऱ्याच्या ऐन थंडीतही ते पेटायला तयारच असते. हवेत ही वाफ सव्वा टक्क्यापासून सात टक्क्यांपर्यंत असली की भडका उडतो. वाफ जमिनीलगत सरपटत दूरच्या शेगडीपर्यंत किंवा वेल्डिंगपर्यंत जाते आणि आग घेऊन परत येते. एका पिंपातून दुसऱ्यात ओतताना द्रवाच्या घर्षणानेही वीज साचते, म्हणून दोन्ही पिंपे तारेने जोडून अर्थिंग द्यावे. टोल्युइन पाण्यावर तरंगते, म्हणून पेटल्यावर पाण्याचा झोत मारला तर आग पसरते. तेथे फेस किंवा कोरडी पावडर हवी. भिजलेल्या चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकाव्यात. उरलेले थिनर गटारात ओतू नये. थिनरने हात धुऊ नयेत; ते कातडीचे तेल काढते आणि थोडे आतही शिरते. आणि टाकीत माणूस पडला तर दोर व हवेची नळी असल्यावाचून दुसऱ्याने उतरू नये. पहिल्याला वाचवायला गेलेला दुसराच मरतो, हा जगभरचा अनुभव आहे.

ह्यातील बरेचसे कायद्यात पूर्वीच लिहिलेले होते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३६ व्या कलमात बंद जागेतील कामासाठी दोर, पट्टा आणि श्वसनाचे साधन सांगितले होते. भोपाळनंतर, १९८७ साली, धोक्याची माहिती मिळण्याचा कामगाराचा हक्कही त्यात आला. आमच्या मामांच्या अपघाताच्या दिवशी ही सर्व कलमे अस्तित्वात होती. आम्ही ती वाचली नव्हती. आम्ही दुधाचे पत्रक छापीत होतो. मालकाचा दोष होताच, पण आज ह्या व्यासपीठावरून आम्हांला आमचाही कबूल करायचा आहे. दूध देणे मालकाला स्वस्त पडत होते आणि मिळविणे आम्हांला सोपे पडत होते. दोघेही समाधानी होते, आणि टाकीतली हवा होती तशीच राहिली.

आता त्या जुन्या कायद्याची जागा २०२० साली संमत झालेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेने घेतली आहे. मूळ १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले की कारखाना धरला जाई. नव्या संहितेत ही संख्या वीस आहे. रस्त्याकडेच्या गॅरेजात चौघे असतात. कारखान्याची मोजणी त्यांच्यापर्यंत पोचत नाही, वाफ मात्र पोचते. युनियनही त्यांच्यापर्यंत अजून पुरती पोचलेली नाही. हे आमचे उरलेले काम आहे.

१९९८ साली आम्ही वहिनींकडे पुन्हा गेलो. मामा ओसरीवर बसले होते. आम्ही वाचलेले सगळे जमेल तसे सांगितले. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे दूध नको, खिडकी मागायला हवी होती." आम्ही दोन वर्षे पुस्तके चाळून जे शिकलो, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. पुढच्या करारात आमची पहिली मागणी पंख्याची होती, दुसरी डब्यावर मराठीत नाव लिहिण्याची. दूधही आम्ही सोडले नाही. ते अन्न आहे, आणि कामगाराच्या पोराबाळांना ते मिळावे. पण औषध म्हणून ते पुन्हा कधी मागितले नाही.

श्रोतेहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घराला, कपाटाला, स्कूटरला ह्या वर्षी रंग लागेल. रंगाऱ्याला चहा जरूर द्या. त्याआधी खोलीची दारेखिडक्या उघडी आहेत ना, तेवढे पाहा, आणि डब्यावर काय लिहिले आहे ते त्याला मोठ्याने वाचून दाखवा.